धक्क्यावरचं रडणं

प्रिय जोसाया,

मिशिगनहून आलेलं तुझं पत्र पोचलं. आईंनी ते शेजारच्या टॅमझिनकडून वाचून घेतलं, माझ्याकडून नाही. पेट्रॉकला, तुझ्या भावाला, जाऊन नऊ महिने झाले, आणि अगदी आत्ताआत्तापर्यंत तुझ्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मीठ हवं असलं तर त्या मांजरीला सांगायच्या आणि मी उठून द्यायचे. तू विचारलं आहेस की घरात नक्की काय बिनसलं. तेव्हा सगळंच लिहिते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात लंडनची सिनेमावाली मंडळी आपल्या बंदरात उतरली होती. ज्याचा खुनी माणसाचा चित्रपट बघून टॅमझिन आठवडाभर एकटी कोळसा आणायला जात नव्हती, त्याच दिग्दर्शकाचा हा नवा चित्रपट. यात खून नव्हता. बोट बुडाल्याची बातमी येते आणि गावातल्या बायका धक्क्यावर उभ्या राहून रडतात, एवढंच आमचं काम. आता तुला ठाऊकच आहे, बोटी बाहेर असताना आपल्याकडे धक्क्यावर कुणी डोळे पुसत नाही. रडायचं ते घरी, दार लावून. म्हाताऱ्यांनी तर सरळ नाही म्हणून सांगितलं. आई मला म्हणाल्या, "समुद्राला फुकटचं रडून दाखवू नये गं. तो लक्षात ठेवतो." मी हसण्यावारी नेलं. मला पडद्यावर दिसायचं होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

डोळ्यांत पाणी यावं म्हणून त्यांनी कांदा दिला होता, मला त्याची गरज पडली नाही. मला माझे गेलेले बाबा आठवले आणि मी धो धो रडायला लागले. तेवढ्यात पेट्रॉक खेकड्यांचे पिंजरे खांद्यावर घेऊन मागून आला, माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "कोण मेलं गं? मला तरी सांग." आणि हसत सुटला. कॅमेऱ्यापाशी उभा असलेला माणूस ओरडला, "अहो, व्हा की बाजूला! सगळी फिल्म वाया घालवलीत." मग त्यांनी आम्हाला पुन्हा दोनदा रडवलं, पेट्रॉकला लांब उभं करून. ही गंमत आम्ही आईंना सांगितली नाही. आधीच चिडलेल्या होत्या.

नोव्हेंबरात पेट्रॉकची बोट परत आली नाही. सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं, तिसऱ्या दिवशी लोक आपापल्या घरी परतले, आणि मला एक टिपूस आलं नाही. आईंना तेव्हा अजून दिसत होतं. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तुझं रडून झालंय." बस, त्यानंतर मांजर.

आणि या महिन्यात तो चित्रपट बाजारगावच्या थिएटरात तीन दिवस लागला. पेट्रॉकची बोट त्यात दिसते, असं कुणीतरी आईंना सांगितलं. शनिवारी दुपारी त्यांनी मांजरीला विचारलं, "मला कुणी नेईल का?" मी नेलं. आता मोतीबिंदूमुळे त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सगळी म्हातारी माणसं नेहमीप्रमाणे पोरीबाळींना शेजारी घेऊन बसली होती, आणि पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या वाचून दाखवण्याची कुजबुज चॅपेलमधल्या प्रार्थनेसारखी चालू होती. मीही आईंच्या कानात वाचत होते. त्यांनी माझा हात धरला होता, जोसाया. बोट आली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला?" मी म्हणाले, "डावीकडे." त्यांनी मान डावीकडे वळवली.

मग पडद्यावर आपला धक्का आला. सिनेमावाल्यांनी आमचं पहिलंच रडणं ठेवलं होतं. मागून पेट्रॉक येतो, माझ्याकडे वाकतो, त्याचे ओठ हलतात, आणि त्याला हसू फुटण्याच्या आत चित्र बदलतं. न कळणाऱ्याला वाटावं, कुणी भला माणूस त्या बाईला धीर देतो आहे. आईंनी हात हलवून विचारलं, "का थांबलीस? काय दिसतंय?" मी म्हणाले, "काही नाही. बोटी."

का म्हणाले? नऊ महिने तो फक्त त्यांचा मुलगा होता. ते एवढंसं मला माझ्यापाशी ठेवायचं होतं. मला लाज वाटते.

टॅमझिनही थिएटरात आली होती; दुसऱ्या दिवशी चॅपेलच्या दारात तिने सहज विचारलं, "काय मावशी, ऐकलंत ना? तुमचा लेक सुनेला धीर देत होता." आई माझ्याकडे वळल्या. "होता तो त्यात?" मी हो म्हणाले. सोमवारी त्यांना घेऊन पुन्हा बाजारगाव गाठलं, तर थिएटरात सुतार बोलपटाची यंत्रं बसवत होते. मॅनेजर म्हणाला, "रिळं लंडनला परत गेली, बाई. मुके चित्रपट आता कोण बघतंय?" लंडनला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

आता आई माझ्याशी बोलतात. रोज सकाळी विचारतात, "कसा दिसत होता?" मी सगळं सांगते. त्या शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि म्हणतात, "खोटं. तू बोटी म्हणाली होतीस." त्यांनी टॅमझिनला विचारलं, तर ती म्हणते, आला नि गेला, मी तुमच्या सुनेकडेच बघत होते. यावर मी काय करू, मला कळत नाही. खरंच कळत नाही.

म्हणून हे पत्र. तो चित्रपट तुमच्या खाणीवरच्या गावात आला तर बघ आणि आईंना लिही. आला नाही, तरीही लिही. टोपी मागे सरकवलेली, दाढी दोन दिवसांची, उजव्या खांद्यावर तीन पिंजरे, डाव्या बाहीच्या कोपरावर आईंनी केलेला रफू स्पष्ट दिसतो. तब्येत चांगली होती. हे सगळं तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस म्हणून लिही. तुझ्यावर त्या विश्वास ठेवतील. पत्र त्यांच्या नावाने पाठव. टॅमझिन वाचून दाखवेल. मी तेवढा वेळ बाहेर थांबेन.

तुझीच वहिनी,
मोर्वेना