मार्सेयचा अब्दुल्ला

फरवानिया, कुवेत
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सर्फूभाई,

अस्सलामु अलैकुम. इथे सगळे ठीक. अम्मीची शुगर आटोक्यात आहे, लिफ्ट परत बंद आहे, हवा आता जरा बरी झालीये. तुम्ही तिघं मजेत असाल.

बस. एवढं लिहायला अख्खी सकाळ गेली आणि यातलं काहीच मला लिहायचं नव्हतं.

तू मला ब्लॉक केलंयस म्हणून कागद. भाभीच्या वॉर्डातल्या नर्स विजयाताई रोज लॅबमध्ये माझ्याकडे सॅम्पल घेऊन येतात, त्यांच्या हातून पाठवतेय. इंग्लिशमध्ये पटकन झालं असतं, पण इंग्लिशमध्ये मी फार शहाणी वाटते.

आधी फ्रान्सचं सांगते. हसू नकोस. अब्बांची फ्रेंच आजी. दाभोळचे पणजोबा बोटीवर आगवाले होते, इंजिनात कोळसा टाकायचे, आणि मार्सेयहून बायको घेऊन आले, हे आपण किती ईदला ऐकलंय! पाहुणे आले की अब्बांचं सुरू : "हमारी दादी फ्रेंच थी, साहब." तिचं नाव काय, गाव कुठलं, विचारलं की मात्र, "मरियम. मरियमच म्हणायचे सगळे."

मी आठ महिने तिला शोधतेय. मार्सेयच्या जन्मनोंदींची जुनी रजिस्टरं नेटवर आहेत, पानं स्कॅन केलेली, शाईच्या कोळ्यांसारखं अक्षर. १९०० पासून १९०८ पर्यंत मी एकेक पान बघितलं. मारी नावाच्या मुली इतक्या की डोकं फुटेल. तिकडच्या ऑफिसला मेल केली. उत्तर आलं, अगदी गोड : मॅडम, आमच्याकडे बायकांची नोंद माहेरच्या आडनावानंच सापडते. बापाचं नाव कळवा.

बापाचं नाव! मी अमिरुन्निसा फुफूच्या मागे लागले. तिनं गावच्या जमातीच्या रजिस्टरातल्या निकाहच्या नोंदीचा फोटो पाठवला. १९३१. मरियम बिन्त अब्दुल्ला, म्हणजे अब्दुल्लाची मुलगी, राहणार मार्सेय.

मी लॅबमध्ये ओरडलेच. अब्दुल्ला! म्हणजे अल्जीरियातून आलेला कुणी गोदी कामगार असणार. माझ्या डोक्यात त्याला मिशासुद्धा आल्या. तीन महिने मी मार्सेयच्या गोदीतले अब्दुल्ला शोधले. आणि शहाणपणा कसला, तर अब्बांना सांगून टाकलं. काय खूष झाले! "बघ, खानदानी मुसलमानाची मुलगी होती. उगाच कुणीही आपल्या घरात आलं नव्हतं."

कुणीही म्हणजे कोण, ते तुला कळलंच असेल.

मी हे सगळं कशासाठी करत होते माहितेय? तू घर सोडलंस त्याच आठवड्यात सुरू केलं. ईदला पाहुण्यांनी भाभीला कामवाली समजून ट्रे हातात दिला, अब्बा गप्प बसले, आणि तू ओरडलास, "तुमची दादी गोरी म्हणून दादी, आणि माझी बायको फिलिपिनो म्हणून नोकर?" तेव्हा मला वाटलं, एक कागद आणायचा. पणजी कुणा साध्या माणसाची पोर होती, बाहेरची होती, दुसऱ्या धर्माची होती, असा शिक्क्याचा कागद अब्बांसमोर ठेवायचा. आयुष्यभर मंदूब म्हणून लोकांच्या फाइली सरकारी ऑफिसांत फिरवणारा माणूस, माणसाचं ऐकणार नाही, कागदाचं ऐकेल. मग ते तुला फोन करतील. आणि आणला काय, तर अब्दुल्ला.

परवा फुफूला फोन केला. म्हटलं, या अब्दुल्लाचं आडनाव तरी कुणी सांगेल का? ती हसायलाच लागली.

"अगो येडे, कुठचा अब्दुल्ला? ती नवी मुसलमान झाली ना? तिच्या खऱ्या बापाचा नाव कोण लिवतंय? तेव्हा अशा सगल्यांच्या पुढे अब्दुल्लाच लिवत, म्हणजे अल्लाचा बंदा."

"मग तिचा खरा बाप?"

"कोणी इचारलाच नाय तिला. आता तुला कोण सांगणार?"

फोन ठेवला. मला रडू आलं, पण ते त्या फुकट गेलेल्या तीन महिन्यांचं नव्हतं, भाई.

तुमच्या निकाहचा दिवस आठव. त्याची नोंद गावच्या जमातीत पाठवायची होती. कोर्टाचा कागद वेगळा, हा घरचा. तू खाली मौलानांना घ्यायला गेला होतास. फॉर्म मी भरला. माझं उर्दू अक्षर चांगलं म्हणून. भाभीचं 'सायमा' हे नवं मुसलमान नावही मीच काढलं, फोनवर यादी बघून, पाच मिनिटांत. बापाच्या रकान्याशी थांबले तर अब्बा म्हणाले, "अब्दुल्ला लिही." मला वाटलं, गावाला कळू नये म्हणून खोटं सांगतायत. तरी लिहिलं. ती रीत होती, आणि पणजीच्या वेळी ती त्यांनाही आठवली नाही, किंवा आठवायची नव्हती.

भाभी शेजारी बसली होती. हातावर मेंदी, म्हणून बोटानं नाही, हनुवटीनं दाखवून विचारलं, इथे काय लिहिलंस? मी म्हटलं, "युअर फादर्स नेम." ती म्हणाली, नाही, माझ्या वडिलांचं नाव... आणि तिनं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं, हळू, मला लिहिता यावं म्हणून. मी म्हटलं, "इट्स ओके, जस्ट फॉर्मॅलिटी."

ते नाव मला आठवत नाही. परवापासून आठवून बघतेय. 'र' नं सुरू होतं की 'ल' नं, तेही नाही. मेलेल्या बाईच्या बापासाठी अख्खं मार्सेय चाळलं, आणि हिनं तोंडावर सांगितलेलं मी ऐकलंच नाही.

काल अब्बांना सगळं सांगितलं. अब्दुल्ला नव्हताच, आणि सर्फूच्या बायकोचंही आपण तेच केलं. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "त्या मुलीला बाप आहे अजून?" मी म्हटलं, माहीत नाही. उठून नमाजला गेले. म्हणजे तुला फोन करतील की नाही, तू ओळख. मला काही कळत नाही त्यांचं.

विजयाताई म्हणाल्या, २८ तारखेला तुम्ही कुवेत सोडताय, मनीलाला, कायमचं. बाळाचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "ते तू त्यांनाच विचार ना गं."

मागच्या पानावर मी आपला कुर्सीनामा काढलाय, सगळ्या खानदानाची वंशावळ. पणजीच्या जागी रिकामा चौकोन ठेवलाय, तो आता तसाच राहील. तुझ्या शेजारी सायमा लिहिलेलं नाही. तिथे चार ओळी सोडल्यात : तिचं नाव, बापाचं, आईचं, गावाचं. खाली एक बाळाची. तू भरू नकोस. तिला भरू दे, तिच्या हातानं, पेननं. आणि नाही भरायचं म्हणाली तर कोराच परत पाठव, मी समजेन.

पण २८ च्या आत पाठव, भाई. नंतर मी कुठल्या शहराची रजिस्टरं उघडू?

भाभीला सलाम. तिनं लिहून पाठवेपर्यंत नाव घालून सलाम सांगता येत नाही, एवढंच.

तो फॉर्म भरणारी,
रिदा