टेपवरची घंटा

मास्तर, तुमच्या नावानं आता बक्षीस ठेवलंय. सांगलीच्या संगीत मंडळानं मधे बरीच वर्षं बंद पडलेली स्पर्धा पुन्हा सुरू केली आहे. बरोक संगीताच्या उत्तम रेकॉर्डिंगला जो चषक मिळेल, त्यावर तुमचं नाव कोरलेलं असेल, आणि तो चषक माझ्या हातून द्यायचा आहे. मंडळाची दोन तरुण मुलं घरी येऊन सांगून गेली. ‘तुम्ही त्यांचे पट्टशिष्य, त्यांच्याविषयी दोन शब्द बोला.’ मी बरं म्हणालो. आईनं त्यांना चहा केला. मुलं गेल्यावर मी ते दोन शब्द शोधत बसलो, आणि जे सापडले ते स्टेजवर बोलण्याजोगे नाहीत. म्हणून इथे लिहितो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्या रागावण्याची भीती उरलेली नाही. माझ्या रागावण्याची तुम्हाला तशीही कधी भीती नव्हती.

सुरुवात आमच्या चुलीपासून करतो, कारण तुमचं आमच्याशी जे काही देणं-घेणं होतं ते तिथलंच. तुम्ही मूळचे खंडाळ्याकडचे, पलटणीत बँडमास्तर होतात, पेन्शन घेऊन कडेगावात बहिणीकडे राहायला आलात. शेजारच्या आमच्या गावात लग्नांत वाजवणारा पाच जणांचा बँड होता. तुम्ही एका वरातीत आम्हाला ऐकलंत आणि नवरदेवासमोर म्हणालात, ‘ही वाजवत्यात का भांडत्यात?’ पुढच्या सोमवारी शिकवायला स्वतःच आलात. माझी क्लॅरिनेट घेऊन बघितलीत, परत दिलीत आणि मला स्वयंपाकघरात नेलंत. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही तिच्या हातची फुंकणी घेतलीत आणि माझ्या हातात दिलीत. ‘फुंक. निखारा लाल ऱ्हायला पायजे. पेटला तरी चूक, इझला तरी चूक.’ मी फुंकतोय, तुम्ही पाटावर बसून हाताने ताल धरताय, आणि आई तोंडाला पदर लावून हसतेय. ‘आवं मास्तर, त्याचा सूर लागंस्तवर माझी भाकरी कच्ची ऱ्हायली की.’ तुम्ही म्हणालात, ‘कच्ची खाईन वैनी, पर ह्याचा दम पक्का करून जाईन.’ आणि ती कच्ची भाकर झुणक्याबरोबर खाल्लीतही. असे किती सोमवार गेले असतील. तिनं तुम्हाला कधी उपाशी धाडलं नाही, दुष्काळाच्या साली सुद्धा नाही, जेव्हा आमच्याच ताटात सरकारी मदतीची सुकडी असायची. हे तुम्ही विसरलात असं मी म्हणत नाही. विसरला असतात तर मला इतकं लागलं नसतं.

तुमच्याकडे पलटणीतून आणलेल्या रेकॉर्डी होत्या. तीनशे वर्षांपूर्वीचं, युरोपातल्या देवळांत आणि दरबारांत वाजवलेलं संगीत. त्याला बरोक म्हणतात हे तुम्हीच सांगितलंत. एक वाद्य चाल सुरू करतं, दुसरं ती मागून उचलतं, तिसरं तिसऱ्या जागेवरून, आणि कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. मला ते भजनासारखं वाटलं. बुवा ओळ म्हणतात आणि मागचे झील धरतात तसं. मी तसं बोललो तर तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. मी विचारलं, ‘हे देवासाठीच लिवलं आसंल न्हवं?’ तुम्ही म्हणालात, ‘व्हय, पर त्यांच्या. तुमच्या गावात जमायचं न्हाई ते.’ आम्ही दोन वर्षं घाम गाळून ते जमवलं. तुमच्या त्या वाक्याला उत्तर म्हणूनच जमवलं, असं मला आता वाटतं.

मग सांगलीच्या इस्पितळातल्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी ती स्पर्धा काढली. ज्यांना वाजवता येतं त्यांनी बरोक काळातली एक रचना टेपवर मुद्रित करून पाठवायची. सर्वांत चांगल्या टेपला चषक, आणि ती टेप रेडिओवर लागणार. तुम्ही परीक्षक झालात आणि त्या दिवसापासून आमच्याकडे यायचे बंद झालात. परीक्षकानं स्पर्धकाच्या घरचं पाणी पिऊ नये, असा निरोप पाठवलात. त्यात मला वावगं वाटलं नाही. आईला मात्र सोमवारी जास्तीची भाकरी थापायची सवय सुटेना.

मुद्रण कुठे करायचं? तुम्हीच एकदा म्हणाला होतात, हे दगडी छताखाली वाजवायचं संगीत आहे, तिथे पाच जणांचे पंधरा होतात. गावात दगडी छत एकच, मारुतीच्या देवळाचा सभामंडप. पंचांनी हो म्हटलं. बाईंनी आपला टेपरेकॉर्डर एका दिवसासाठी दिला. कॉर्नेट वाजवणारे चाचा, जे एरवी गावोगाव भांड्यांना कल्हई लावत फिरायचे, त्यांनी पायरीवर चपला काढल्या आणि आत बघून म्हणाले, ‘मारुतीराया, युरोपचं लगीन हाय आज तुझ्या दारात, सांबाळून घे.’ लोक येता-जाता घंटा वाजवणार म्हणून गुरवानं घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळून ठेवलं. सकाळपासून आम्ही वाजवतोय आणि सारखं काहीतरी बिघडतंय. कधी मोठ्या पितळी युफोनियमवाला अडखळतो, कधी बाहेर कुत्रं भुंकतं. तिन्हीसांजेला टेप संपत आली तेव्हा शेवटचा प्रयत्न सुरू केला, आणि तो लागला. पाचही जणांना कळत होतं की लागलाय.

तेवढ्यात आई दिव्याला तेल घेऊन आली. ती आम्हाला अडवायला आली नव्हती. खांबाआड उभी राहून ऐकत होती. तिनं वर बघितलं तर घंटेचं तोंड बांधलेलं. आमच्याकडे घंटा बांधत नाहीत, मास्तर. देव मुका करत नाहीत. आम्ही वाजवतोय ती देवाची सेवाच आहे असं ती समजून चालली होती, आणि शेवट जवळ आला की लय कशी जड होते ते तिला आरतीवरून ठाऊक होतं. तिनं फडकं सोडलं, आणि शेवटच्या सुराआधी जो क्षणभराचा विसावा आहे, बरोबर तिथे एक टोला दिला. मग आमचा शेवटचा सूर आला. आमच्यातल्या कुणी डोळा वर केला नाही. वाजवून झाल्यावर चाचा म्हणाले, ‘भाभी, तुमी सहाव्या की आमच्यातल्या!’ पुन्हा वाजवायला टेप उरली नव्हती. तीच पाठवली. आईनं आळीत सांगून टाकलं, आपला मारुती रेडिओवर येणार. तिला आमच्या वाजवण्याचं कौतुक होतंच, पण तिचं खरं मन त्या एका टोल्यात होतं. आपल्या देवाचा आवाज आपल्या हातून लांबवर जाणार, एवढीच तिची हौस.

निवाड्याच्या दिवशी ती माझ्याबरोबर एसटीनं सांगलीला आली. दवाखान्याच्या दालनात खुर्च्या मांडलेल्या, पुढे इंग्रजी शाळेच्या मुली, कारखान्याचे साहेब आणि त्यांच्या बायका. आई मागच्या भिंतीशी भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. सगळ्यांच्या टेपा ऐकवल्या. आमची संपली. मग डॉक्टरीणबाई त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, ‘ती घंटा. मला फार आवडला.’ तुम्ही उठलात. त्या दिवशी तुमची भाषाही वेगळी होती, चांगली शहरी. ‘बाई, बक्षीस रेकॉर्डिंगला आहे. रचनेत नसलेला एकही आवाज टेपवर असता कामा नये. आपण इथे गावची जत्रा ऐकायला बसलेलो नाही.’ लोक हसले. हसले म्हणून तुम्हाला जोर चढला. ‘कुठल्या शहाण्यानं वाजवली ही घंटा? जरा कळू तरी दे.’

मी उठणारच होतो. पण माझ्या आधी मागून आवाज आला. ‘म्या वाजवली जी. चूक झाली.’ ती उभी होती, गाठोडं छातीशी धरून. सगळं दालन मागे वळून बघत होतं. तुम्हीही बघितलंत. तुम्ही तिला ओळखलंत, ते तुमच्या तोंडावर दिसलं. मी वाट बघत होतो, मास्तर. एक ‘वैनी’ म्हणाला असतात तरी चाललं असतं. चषक गेला असता तर गेला असता. तुम्ही कागदाकडे बघून म्हणालात, ‘बसा.’ आणि इंग्रजी शाळेच्या मुलींना बक्षीस जाहीर केलंत. त्यांनी घड्याळासारखं वाजवलं होतं, बिनचूक आणि निर्जीव. तुम्हाला ते कळत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. निखारा ओळखायला तुम्हीच शिकवलंत.

एसटीत मी तुम्हाला नाही नाही ते बोलत होतो. ती खिडकीबाहेर उसाकडे बघत एवढंच म्हणाली, ‘मास्तरास्नी खाली बघाय लागलं रं माझ्यापायी.’ भाकरीचं गाठोडं तसंच परत आलं. त्यात एक भाकरी जास्तीची होती, ती कुणासाठी होती ते तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. मी तुमच्याकडे आलो नाही. तुम्ही एकदा चाचांच्या हाती क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या, पलटणीतल्या रीड्सची डबी पाठवलीत, सोबत निरोप नाही. मी ती ठेवून घेतली आणि तुमच्या मातीला आलो नाही. याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

कारण तुम्ही एक बक्षीस दिलं नाहीत इतकंच ते नव्हतं. त्या दिवसापासून आईनं घंटा वाजवली नाही. देवळात रोज जाते, आता पाय दुखतात तरी जाते. घंटेखाली थांबते, हात जोडते, आणि दोरीला न शिवता पुढे होते. परवा शनिवारी कुणाची तरी नवी सून मागे उभी होती. म्हणाली, ‘आजी, वाजवा की. का हात पुरंना? मी वाजवू?’ आई गडबडीनं म्हणाली, ‘नगं बाई. आत कोण वाजवत आसंल.’ आत कुणी नव्हतं. मारुती होता. तुमच्या एका शब्दानं तिला देवाच्या दारात चोरासारखं पाऊल वाजू न देता जायला लावलं, आणि तुमच्या नावाचा चषक मी हसत हसत कुणाच्या तरी हातात ठेवायचा आहे. मी रोज देवापुढे बसणारा माणूस आहे. त्याच्याकडे पुष्कळ गोष्टी मागितल्या, तुमच्याबद्दलचा राग काढून घे असं एकदाही मागितलं नाही.

मंडळाच्या मुलांनी आमची ती जुनी टेप कुठूनतरी मिळवून मला ऐकवली. उद्याच्या कार्यक्रमाआधी वाजवू म्हणाले. मी नको म्हणालो. त्यांना वाटलं, मी भावुक झालो.

उद्या जाईन. फोटोला हार घालीन, पलटण, रेकॉर्डी, फुंकणी, सगळं सांगीन. लोक टाळ्या वाजवतील. आईचं नाव काढणार नाही आणि हा कागद क्लॅरिनेटच्या पेटीत, तुमच्या डबीखाली राहील. फक्त एक गोष्ट आहे, जी मी देवालाही मोठ्यानं सांगितलेली नाही. आमच्या मारुतीची घंटा सुराला थोडी उतरलेली आहे. शेवटच्या सुराशी ती लागत नाही. टेपवर परवा ऐकली तेव्हा लागली नाही, आणि त्या संध्याकाळी मंडपातही लागली नव्हती. गेली पंचवीस वर्षं आईच्या मागोमाग मी देवळात शिरतो आणि मीही दोरीला हात लावत नाही, कारण तो आवाज माझ्या कानाला सहन होत नाही. हे कान तुम्ही दिलेत. आईला वाटतं, मी तिच्या सोबतीला म्हणून वाजवत नाही. मी तिला तसंच वाटू दिलंय.