आमची वसू भित्री आहे

रविवार, १ मे १९८८
वसूला मिरजेला पाठवायचं नाही. ठरलं. विषय संपला.

पोरगी बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला, सगळं खरं. पण तिकडे हॉस्टेलात एकटी राहणार कशी? भित्री आहे. तिला नाही माहीत, मला माहीत आहे. आई कोण आहे?

कालचीच गोष्ट. मोरीजवळ पाल आली. मी लगेच स्टुलावर चढले, पाल कुठे जाते त्यावर नजर ठेवायला. वसूने केरसुणीने हाकलली. हाकलताना तिचा हात थरथरत होता. मला वरून स्पष्ट दिसलं.

हे म्हणाले, जाऊ दे की गं तिला. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. बसले.

मंगळवार, ३ मे
चारकोपहून वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण, विमलाबाई. चारकोपच्या सेक्टरात घर मिळाल्यापासून आमच्या भटवाडीच्या चाळीत आल्या की आधी पदराने खुर्ची पुसतात आणि मग बसतात. वसूला मिरजेला इंटरव्ह्यूला वन्संनीच नेलं होतं. मला न विचारता. म्हणजे विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं.

चहा पिता पिता म्हणाल्या, मालन, भित्री वसू नाही, तू आहेस. मी म्हटलं, मी आणि भिते? कशाला? तर म्हणाल्या, गॅसला भितेस, लिफ्टला भितेस, टेलिफोन वाजला की कोण मेलं म्हणून विचारतेस. मी म्हटलं, त्याला जबाबदारी म्हणतात.

मग त्यांनी मुलुंडच्या पार्कचं काढलं. डोंगराखाली नवीन झालं आहे, विजेवरचे खेळ, सगळी मुंबई सुट्टीत तिथेच लोटते आहे म्हणे. तिथे एक आकाशपाळणा आहे, गावच्या जत्रेतला त्याच्या गुडघ्याला लागेल एवढा. मला एकदम सुचलं. म्हटलं, ठीक आहे. वसू त्या पाळण्यात बसू दे. ओरडली नाही तर मिरज. ओरडली तर टायपिंगचा क्लास, आणि पुन्हा ह्या घरात मिरजेचं नाव नाही.

वन्सं म्हणाल्या, कबूल. पण ओरडली की नाही हे बघायला शेजारी कोण बसणार? तू बस.

मी हो म्हटलं. पूर्ण विचार करून म्हटलं.

वसू हसली. भीतीने हसतात काही माणसं.

शनिवार, ७ मे
पाळणा म्हणजे काही नाही. लहानपणी कणकवलीला जत्रेत मी बसलेय. बसले नव्हते, पण लाइनीत उभी होते.

आज उंचीची सवय व्हावी म्हणून गच्चीवर गेले. पापड वाळत घातले. कठड्याजवळ गेले नाही, कारण पापड मधोमध चांगले वाळतात. वसू कठड्यावर रेलून खालच्या भाजीवाल्याशी भाव करत होती. किती हा बावळटपणा. भीती लपवायला माणूस असं करतं.

गुरुवार, १२ मे
शेजारची रत्नप्रभा पार्कात जाऊन आली. तिला खोदून खोदून विचारलं. म्हणाली, गर्दी एवढी की नवरा हरवला, तासाने दुसऱ्याच कोणाच्या बायकोबरोबर गोळा खाताना सापडला. उन्हाने दोन बायका चक्कर येऊन पडल्या. पाळणा वर गेला की पोट खालीच राहतं, असंही म्हणाली. मी म्हटलं, तुझं राहत असेल.

तयारीला लागले. ह्यांच्या शर्टाच्या कॉलरला आतून नाव-पत्ता शिवला. वसूच्या ओढणीलाही शिवला. हे म्हणाले, मी काय जत्रेतला बोकड आहे? मी म्हटलं, बोकड हरवत नाही.

स्वतःच्या पदराला शिवला नाही. मी कुठे हरवणार?

गुरुवार, १९ मे
अंगात कणकण आहे. मी काही बोलले नाही, फक्त दोनदा कण्हले. वसूने थर्मामीटर लावला. म्हणाली, आई, ताप नाही. मी म्हटलं, आतला ताप आहे, काचेला कळत नाही. ती म्हणाली, रविवार रद्द करूया का? पण मग मिरज नक्की हां.

बरं वाटतंय.

रविवार, २२ मे, सकाळ
निघतो आहोत. गॅस बंद. परत बघितला, बंद. कुलूप ओढून बघितलं. हे म्हणाले, ओढून ओढून कडी हातात येईल.

पिशवीत घावणे, कांदा, पाण्याचा कॅन, लिंबू, मीठ, आणि एक नारळ. नारळ पार्काच्या दारात फोडायचा, जागेवाल्याला. नवीन जागा, डोंगराचा पायथा, तिथे आधीचं कोण राहत असेल काय सांगावं. ही भीती नाही, ही रीत आहे.

सोमवार, २३ मे
काल लिहायचं झालं नाही. हात हलत होता. बसच्या धक्क्यांमुळे.

सगळं जसं झालं तसं लिहिते.

बसने मुलुंड. वन्सं गेटवर आधीच हजर, गॉगल लावून. गर्दी म्हणजे गर्दी, डोक्यावर डोकं. ऊन असं की चप्पल डांबराला चिकटत होती. गेटवरच्या वॉचमनने नारळ अडवला. आत फोडायचा नाही म्हणाला. मी गावचं नाव सांगितलं तर तोही सावंतवाडीकडचा निघाला. नारळ आपल्या स्टुलाखाली ठेवून म्हणाला, काकी, जाताना बाहेर फोडा, जागेवाला पळून जात नाही.

म्हणजे न फोडता आत जावं लागलं. हे मी तिथल्या तिथे सगळ्यांना बजावून सांगितलं. मागाहून कोणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

पाळणा गेटातूनच दिसत होता. मी त्याच्याकडे पाठ करून पार्क बघितलं. आधी घावणे खाल्ले. मग सावली शोधली. मग मला लहान मुलांच्या आगगाडीत बसायचं होतं, ती चांगली आहे, जमिनीवरून जाते. दोनदा बसले. मग बायकांच्या बाथरूमची लाइन. बाहेर आले तर कोणीच नाही. सगळे हरवले! मी तिथेच उभी राहून ह्यांना हाका मारल्या, धाकू धाकू म्हणून, नावाने. लग्नानंतर पहिल्यांदा नाव घेतलं. हे माझ्या मागेच उभे होते. म्हणाले, पाण्याच्या नळापासून आम्ही हललोच नाही, तू दुसऱ्या दाराने आलीस. मी हरवले नव्हते, हे लिहून ठेवते.

वन्सं म्हणाल्या, मालन, दिवस मावळायच्या आत चढशील का? की हरलीस?

चढले.

वसू एका बाजूला, मी तिच्या शेजारी. समोर छातीशी लोखंडी दांडा. पाळण्यावरच्या पोऱ्याने तो लावला तसा मी हलवून बघितला, पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा हलवला. मागून कोणीतरी ओरडलं, ओ मावशी, पाळणा घरी घेऊन जायचाय काय?

वर गेलो. मी डोळे मिटले. उन्हामुळे. वसू गप्प होती. मनात म्हटलं, आता ओरडेल, आता ओरडेल. तिने माझं मनगट घट्ट धरलं. मला बरं वाटलं. घाबरली एकदाची.

आणि तेवढ्यात पाळणा थांबला. अगदी टोकावर. खालून कोणीतरी ओरडलं, लाइट गेली.

वारा सुटला. आमची टोपली झुलायला लागली, कुरकुर कुरकुर. वसू म्हणाली, आई, तिकडे तलाव दिसतोय बघ. मी म्हटलं, तलाव बघून मरू? ती म्हणाली, काही होत नाही, श्वास घे, सोड. मी घेतला. सोडायचा राहिला. तिने माझ्या मनगटावर बोट ठेवलं होतं आणि घड्याळ बघत होती. तेव्हा कळलं, ती घाबरून धरून बसली नव्हती. नाडी बघत होती.

मग मी देवाला गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं बायका घालत नाहीत. गावाला देवळात गावकर घालतो, पुरुष सगळे व्हय म्हाराजा म्हणतात, आम्ही बाजूला उभ्या. पण तिथे वर गावकर कुठून आणू? डोळे मिटून, हात जोडून, दांड्याला कोपर अडकवून सुरू केलं. मोठ्याने नाही. वसू म्हणते, पार तिकीटखिडकीपर्यंत ऐकू आलं.

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा! आज तुजी लेकरा हय पाळण्यात टांगान रवली हत, तेंका सुखरूप खाली घाल रे म्हाराजा!"

आणि खालच्या टोपलीतून एका पुरुषाचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "तुका नारळ देतंय रे म्हाराजा!" आता दोन-तीन टोपल्यांतून आलं, "व्हय म्हाराजा!" यंदा ज्यांना गावाला जायला मिळालं नाही ती सगळी आमची माणसं त्या पाळण्यात येऊन बसली होती वाटतं.

पाळणा हलला नाही. नारळ वॉचमनकडे होता, म्हणून नसेल हलला. मी कोंबडा कबूल केला. सगळा पाळणा म्हणाला, "व्हय म्हाराजा!" नाही हलला. देवीला हिरवं लुगडं कबूल केलं. आता खाली लाइनीत उभे होते तेही ओरडत होते. त्यात ह्यांचा आवाज ओळखू आला. घरात ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकलेला नाही.

एवढ्यात वाऱ्याचा असा एक झोत आला की टोपली आडवी झाली. वसू म्हणते, जरा कलली फक्त. आणि माझ्या तोंडून गेलं, "माज्या वसूक मिरजेक धाडतंय रे म्हाराजा, नर्स करतंय, मी आडवी येवचंय नाय, पण माका खाली घाल!"

"व्हय म्हाराजा!" मुलुंडचा डोंगर घुमला. सगळ्यात मोठा आवाज वन्संचा.

आणि लाइट आली.

खाली उतरले तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक अनोळखी माणूस वसूला म्हणाला, ताई, नर्स झालात की आमच्याकडे लक्ष ठेवा. बाहेर येऊन ह्यांनी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला. वन्संनी वसूच्या हातावर खोबरं ठेवलं, मला म्हणाल्या, खा, गोड आहे.

वसू ओरडली नाही, हे खरं. पण मला अजून वाटतं, ओरडणार होती. माझ्या गाऱ्हाण्यात तिला संधीच मिळाली नाही.

बुधवार, २५ मे
नवस लागू होत नाही. कारणं आहेत. एक तर जमिनीवर पाय नव्हते. दुसरं, बाईने घातलेलं गाऱ्हाणं. तिसरं, रवळनाथाला मुलुंड कुठे माहीत?

ह्यांना सांगितलं. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, बोललेला नवस फिरवायचा नसतो. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. बसले नाहीत. म्हणाले, गिरणी बंद पडली तेव्हापासून मी तुझं सगळं ऐकलं. हे नाही ऐकणार. पोरगी जाणार.

मी भाजी निवडायला घेतली. भाजी आधीच निवडलेली होती.

शनिवार, २८ मे
रेशनच्या लाइनीत मागून कोणीतरी हळूच म्हणालं, व्हय म्हाराजा. सगळी लाइन हसली. दुकानदार गुजराती, तोही विचारतो, मावशी, मिरज कवा?

मी म्हटलं, देवाला शब्द दिलाय, पाठवणारच. मी स्वतःच पाठवते आहे. आधीपासून माझ्या मनात होतंच.

गुरुवार, ९ जून
वसूची तयारी. चादर, टॉवेल, पेटीकोट, उशीचा अभ्रा, सगळ्यावर नाव-पत्ता शिवते आहे. ती म्हणाली, आई, आता रुमालांना नको. मी म्हटलं, रुमालच आधी हरवतात.

काल तिने शिवणाचा डबा मागितला. बटण लावायचं म्हणाली. बटणाला किती वेळ लागतो? शिवण कच्ची आहे पोरीची. तिकडे कोण शिकवणार?

तिकडे जेवण कसं असेल? तिकडे पाली असतील का? असल्या तर ती हाकलेल. इकडे कोण

हे लिहायचं नव्हतं.

रविवार, १२ जून, सकाळ
एस.टी. सुटली. मी रडले नाही. वसू खिडकीतून हात हलवत होती, हसत होती. मला वाटलं होतं, शेवटच्या क्षणी उतरेल. म्हणून मी गाडीच्या दारापाशीच उभी होते, तिला उतरायला सोपं जावं म्हणून. कंडक्टर म्हणाला, बाई, चढा नाही तर बाजूला व्हा.

वन्सं म्हणाल्या, चल चारकोपला, दोन दिवस राहा. मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे? एकटी राहायची सवय असते माणसाला.

रविवार, १२ जून, दुपार
हे सेकंड शिफ्टला गेले, गिरणी गेल्यावर धरलेल्या नोकरीत रविवारही भरावा लागतो. घरी मी एकटी. पाल आली आहे. मोरीजवळ, तीच.

मी स्टुलावर आहे. नजर ठेवून. वही फळीवर होती, हाताला लागली, म्हणून लिहिते आहे.

चढताना पदर खिळ्याला अडकला. सोडवायला गेले तर टोकाला आतल्या बाजूने कापडाचा तुकडा शिवलेला. बारीक टाका, मजबूत. त्यावर पेनाने लिहिलंय:

"ही माझी आई, मालन. हरवली किंवा घाबरलेली आढळल्यास मिरजेला कळवावे. वसू." खाली हॉस्टेलचा पत्ता.

काय ही पोरगी. चांगलं लुगडं खराब केलं. उसवणार आहे. कात्री टेबलावर आहे. पण ही पाल हलेपर्यंत खाली उतरता येत नाही.