सदाचा धुतलेला शर्ट

लालबाग, सोमवार संध्याकाळ, फेब्रुवारी १९५६

उद्या सदाच्या मृत्यूची चौकशी. पोलीस म्हणणार, हा दगड घेऊन अंगावर आला, म्हणून गोळी घातली. पण माझ्या धाकट्या भावाला गोळी पाठीत लागली होती. नाक्यावर तो पालथा पडला होता. पाठीवर बोटाएवढं भोक होतं, आणि उताणा केला तर छाती फुटलेली. रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं.

वकील दुपारी म्हणाले, "त्याचा शर्ट आणा. पाठीवरचं भोक दिसलं की दगडाची गोष्ट संपली." शर्ट इस्पितळाने आम्हालाच दिला होता. पोलिसांनी तो ठेवून का घेतला नाही, कोण जाणे.

घरी आलो तर शर्ट दोरीवर वाळत होता. आईने साबण लावून धुतलेला, छातीवर ठिगळ, पाठीवर बारीक रफू केलेलं.

"हे काय केलंस?"

"तेराव्याक कपडे देवचे आसत ना? फाटको शर्ट कुणाक देवचो?"

मी ओरडलो. तिच्यावर हात उगारला, आयुष्यात पहिल्यांदा. मग ब्लेड घेऊन टाके काढायला बसलो, पण थांबलो. धुतलेल्या शर्टातलं भोक आता कोण खरं मानणार? म्हणतील, घरीच पाडलं.

शेवटी तिला सगळं समजावलं. गोळी पाठीत, म्हणजे सदा पळत होता. इस्पितळाच्या कागदात नुसतं 'गोळी लागून मृत्यू' एवढंच; ते दाखवायला तो शर्टच होता.

तिने माझ्या हातातला शर्ट घेतला, घडी घातली. मग म्हणाली, "माका ने उद्या. तेका न्हाऊ मियां घातलंय. पाठ चोळताना माझां बोट गेलां त्या भोकात. सायबाक मियां सांगतंय."