अठरा डाइन

बाबा, आज आमच्या लॅबमधलं जुनं यंत्र काढलं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा ताण मोजायचं, डायलवालं. तुमच्या वर्कशॉपमध्ये होतं त्याचंच भावंड. नव्या यंत्राला काटा नाही. पडद्यावर आकडा येतो आणि खाली एक बटण आहे, ते दाबलं की एकक बदलतं. डाइन पर सेंटिमीटर, मग न्यूटन पर मीटर, मग पुन्हा डाइन. बसवायला आलेल्या माणसाने ते दोनदा दाबून दाखवलं आणि तो पुढच्या गोष्टीकडे वळला. तो गेल्यावर मी बराच वेळ दाबत बसले.

उमरेड रोडवरचं तुमचं वर्कशॉप. शाळेला सुट्टी आहे आणि मी तुमच्याबरोबर आले आहे. आवारात दुरुस्तीला आलेले ट्रान्सफॉर्मर उभे आहेत, आतल्या खोलीत तुम्ही त्यांच्या तेलाची बाटली उजेडाला धरून बघताय. काचेच्या भांड्यात पाणी, त्यावर तेल. प्लॅटिनमच्या तारेचं कडं पाण्यात बुडवायचं आणि सावकाश वर, तेलात ओढायचं. पाणी कडं सोडत नाही, काटा चढत जातो, मग मधला पडदा फाटतो. फाटतानाचा आकडा म्हणजे तेलाची तब्येत. नवं तेल चाळिशीच्या वर असतं, विशीखाली गेलेलं बदलायचं. प्रत्येक तपासणीआधी कडं बर्नरच्या ज्योतीत लाल करावं लागे. ते गार झालेलं बघून मी उचललं आणि तुम्ही ओरडलात, "हात नको लावू वं! तुह्या बोटाचं तेल मोजाचं हाय का आपल्याले?" मग माझ्या तोंडाकडे बघून चिमटा माझ्या हातात दिलात. ते कडं पुन्हा लाल मी केलं.

डाइन म्हणजे काय, हे मी त्याच दिवशी स्वयंपाकघरात विचारलं. आई पोळ्या लाटत होती, तुम्ही पाटावर बसून कांदा फोडत होतात. "डाइन म्हंजे एका मच्छराचं वजन," तुम्ही म्हणालात. "तेही उपाशी मच्छर." मग न्यूटन? तुम्ही टोपलीतलं एक लहान संत्रं उचलून माझ्या हातावर ठेवलंत. "हे न्यूटन. यात लाखभर डाइन बसते. आता सांग, संत्र्यानं मच्छर मोजते काय कोणी?" आई म्हणाली, "पोरीले जेवू तर द्या, मच्छर काय सांगून राहिले ताटावर." तिघंही हसलो. नंतर कॉलेजात गणित नीट कळलं. लाख डाइनचा एक न्यूटन, शंभर सेंटिमीटरचा एक मीटर, म्हणून डाइन पर सेंटिमीटरचं न्यूटन पर मीटर करायचं तर हजाराने भागायचं, दशांशचिन्ह तीन घरं डावीकडे. अठराचं होतं शून्य दशांश शून्य एक आठ. मिलिन्यूटन म्हटलं तर तेवढंही करावं लागत नाही, आकडा अठराच राहतो, फक्त नाव बदलतं. इतकं सोपं आहे ते.

मला तेलाच्याच लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात, आई नव्हती. मुलाखतीत माझ्या तोंडून डाइन निघालं आणि टेबलापलीकडचे साहेब हसले. "ही भाषा अजून कोण बोलतं?" वाईट हसले नाहीत. पण वडिलांकडून शिकून आलेली पोरगी, असं मला दिसायचं नव्हतं. त्या दिवसापासून मी न्यूटनमध्ये बोलू लागले. लॅबमध्ये बोलले ते ठीक, रिपोर्टवर तेच लागतं. मी घरीही बोलू लागले.

नंदनवनच्या घरी संध्याकाळी गाडी लावली की आतून तुमचा प्रश्न यायचा, "किती आलं वं आज?" आपल्या दोघांत दुसरं फारसं बोलणं उरलं नव्हतं. मी चप्पल काढता काढता म्हणायची, "पॉइंट झीरो वन एट." तुमचे ओठ हलायचे. मग, "म्हंजे अठरा. बदला म्हणा तेल." मी हो म्हणत आत जायची. एकदा तुम्ही म्हणालात, "सरळ अठरा म्हणत जा ना माय, काहून फिरवते मले?" मी म्हणाले, "आता असंच लिहितात, बाबा. सवय करा." तुम्ही सवय केलीत.

शेवटच्या हिवाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात. तरी प्रश्न येत होता, आवाज बसला होता एवढंच. एका संध्याकाळी मी सांगितलं, "पॉइंट झीरो वन सेव्हन." तुमचे ओठ हलू लागले. पांघरुणावर एक बोट जरासं उजवीकडे सरकलं, थांबलं, पुन्हा मागे आलं. मी उभी होते, डबा हातात. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "चांगलं हाय."

सतरा चांगलं नसतं. बाटली उजेडाला धरूनच ज्यांना तेल कळायचं, ते सतराला चांगलं म्हणाले. तेव्हा तरी मी सतरा म्हणायला हवं होतं. एक शब्द होता. मी डबा घासायला आत गेले. दुसऱ्या दिवशी गाडी लावली तेव्हा तुम्ही विचारलंत, "जेवली काय वं?" त्यानंतर रोज तेच विचारलंत. तेलाचं पुन्हा कधी नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून हेही लिहिते. आज काढलेल्या त्या जुन्या यंत्राची डायल डाइनचीच होती. तुम्हाला तेव्हा वाटलं असणार, मुलीकडे नव्या जमान्याचं काहीतरी आहे. नव्हतं. काट्याखाली मला अठराच दिसायचे. घरी येताना सिग्नलला गाडी थांबली की मी मनात दशांशचिन्ह तीन घरं डावीकडे न्यायची, आणि तुम्ही खाटेवर बसून ते परत उजवीकडे आणायचात.