दीपगृहाचा न हलणारा जिना

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकता येतंय तोवर करून घेते.) खुब्याचं दुखणं आता कसं आहे? वहिनी कशी आहे ते विचारत नाही. तू दिवसभर घरात पडून आहेस म्हटल्यावर तिची अवस्था मला इथूनही कळते. आम्ही दोघं मजेत.

पत्रास कारण तूच. "एकदा मला आपल्या दीपगृहाचा जिना दाखव गं," असं म्हणालास, म्हणून सराव करायला मी धक्क्यावरून चालत चालत एक व्हिडिओ काढून पाठवला. तो पाहून तुला घेरी आली आणि वहिनीने फोन करून विचारलं, तिकडे भूकंप झाला का? दादा, फार लागलं रे ते मला. बेकरीत केकवर क्रीमने नावं लिहिणारी बाई मी! लांबलचक आडनावंसुद्धा एका दमात लिहिते, रेघ म्हणून हलत नाही. मग चित्र कसं हललं? तर आमचे हे म्हणाले, "हात नाही हलत तुझा. तू चालतेसच उड्या मारत." (लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हे आत्ता सांगतायत.)

मग ह्यांनी सुतारकामाची हौस भागवून घेतली. झाडूच्या दांड्याला वर फोन बांधला आणि तोल राहावा म्हणून खाली जुनी इस्त्री टांगली. ते घेऊन मी गल्लीतून निघाले. चित्र हलायचं थोडं कमी झालं, नाही असं नाही, पण इस्त्री सारखी नडगीवर आपटत होती आणि व्हिडिओभर माझं "आई गं" ऐकू येत होतं. शेजारीण दारात उभी राहून अगदी मायेने म्हणाली, "रोज फिरवायला नेता का हिला?"

शेवटी दुकान गाठलं. चित्र हलू न देणारा दांडा मिळतो, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. पहिला दाखवला तो मोठ्या कॅमेऱ्याचा. उचलला, तर वाटलं की हा धरायला आणखी एक स्टॅबिलायझर लागेल. दुसरा सगळ्यात स्वस्त. ह्यांचे डोळे चमकले. पण तो म्हणजे नुसता दांडा आणि त्यावर स्प्रिंग. फोन त्यावर अशी मान डोलवत राहिला, जणू आमचं सगळं बोलणं त्याला पटतंय. तिसरा घडीचा, मिटलेल्या छत्रीएवढा, मधल्या किमतीचा. दुकानदारीणबाईंनी आधी माझ्या फोनचं जाडजूड कव्हर काढायला लावलं (वजन जास्त झालं तर आतल्या मोटारी कुरकुरतात म्हणे), फोन त्यात बसवला आणि कळ दाबली.

दादा, फोन उठून उभा राहिला रे! झोपलेल्या माणसाला कुणी हाक मारावी तसा. मी मनगट डावीकडे वळवलं, तो समोरच बघतोय. उजवीकडे वळवलं, तरी समोरच. ह्यांनी माझं कोपर ढोसून पाहिलं, तरी तो शांत. कोंबडीला हातात धरून हलवलं तरी तिची मान जागच्या जागी राहते ना, अगदी तसा. मी पुन्हा पुन्हा मनगट फिरवत राहिले. हे दुकानदारीणबाईंना म्हणाले, "बांधून द्या. ही गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघतोय."

आता मुख्य गोष्ट. तू दीपगृहात दिवा सांभाळायचास तेव्हा मी कधी वर आले नाही, तुला ठाऊकच आहे. उंचीची भीती. तुझा डबा खालच्या पायरीवर ठेवायचा, हाक मारायची आणि पळायचं. परवा मात्र चढले. नजर फक्त स्क्रीनवर. त्यात जिना इतका अलगद पुढे येत होता की आपण चढतोय असं वाटेचना; जिनाच माझ्याखालून वाहत होता. लोखंडी कठडा, खाऱ्या वाऱ्याने पोपडे धरलेली भिंत, ती अरुंद खिडकी. तिच्या कोनाड्यात तुझ्या किटलीचा काळा गोल अजून आहे. मागून हे धापा टाकत, "अगं, थांब जरा!" मी कसली थांबते!

वर पोचले, दार ढकललं आणि स्क्रीनवरची नजर उचलली.

इतकं पाणी, दादा! आणि लांब कडेला ते चक्क वाकलेलं दिसतं. मी तिथेच फतकल मारून बसले. भीती आता येईल, मग येईल, म्हणून वाट बघत राहिले. ती आलीच नाही. रडू आलं. हे शेजारी येऊन बसले. सदऱ्याने घाम पुसला. मग म्हणाले, "दादा रोज हे बघायचे? आणि घरी येऊन नुसतं 'जेवायला काय आहे' विचारायचे?"

माझाही तोच प्रश्न आहे. एवढं सगळं पोटात ठेवून तू आमच्यात आमटीभात जेवत बसायचास?

व्हिडिओ वहिनीच्या फोनवर पाठवतेय. आता घेरी येणार नाही, तरी पाठीला उशी घे.

तुझी,
धाकटी

ता. क. – पाठवायच्या आधी व्हिडिओ नीट बघितला. जिना अख्खा आलाय, लोण्यासारखा. पण वर बसताना माझ्या बोटाने कुठलीशी कळ दाबली गेली आणि कॅमेरा उलटा फिरला. समुद्राच्या जागी आ वासलेली मी आहे. अतिशय स्थिर. दातांतली चांदीसुद्धा स्पष्ट दिसते.

आणखी ता. क. – तर समुद्र राहिलाच, आणि तो मी पुन्हा काढणार नाही. वहिनी सांगत होती की व्यायाम करून घ्यायला बाई येतात तेव्हा तू झोपेचं सोंग घेतोस. दादा, ऊठ. काठी घे, माझा खांदा घे, हवं तर प्रत्येक पायरीवर बसू, पण ऊठ. एवढं सांगण्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. (तुमच्या मेहुण्याकडून) – दादा, हिने चढल्याचं लिहिलं, उतरल्याचं लिहिलं नाही. डोळे मिटून, पायरीपायरीवर बसत, माझा सदरा मागून घट्ट धरून उतरली. त्याचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. खोलीच्या दारापर्यंत चालून दाखवा, लगेच पाठवतो. फार हलतो तो, आधीच सांगून ठेवतो. मला हसू आवरत नव्हतं.