मुद्दा क्रमांक सात

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.४०
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. कक्षात फितुरी आहे.

मी समिती कक्षाचा अधिकारी. आमची समिती म्हणजे बाकीच्या समित्यांचा आढावा घेणारी समिती. कोणती समिती हवी, कोणती नको, कोणता कक्ष चालू ठेवायचा, सगळं ती ठरवते. बैठक बोलावणं, नोटीस काढणं आणि बैठकीचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे. शुक्रवारच्या बैठकीत कँटीन समिती बंद करायचं ठरलं. हे फक्त अकरा सदस्य, मी आणि माझी सहायक यांनाच ठाऊक. इतिवृत्त आज सकाळी मी लिहायला घेतलं, मोठ्याने वाचत वाचत, कारण मोठ्याने वाचल्याशिवाय वाक्याचा तोल कळत नाही. साडेदहाला खाली चहाला गेलो, तर कँटीनवाला हात जोडून म्हणतो, साहेब, सुटलो एकदाचा त्या समितीतून!

याला कोणी सांगितलं?

सायं. ५.१०
संशय सहायक बाईंवर. कक्षात येऊन चारच महिने झाले. समोर आलेला प्रत्येक कागद वाचतात. पूर्ण. सरकारी नोकरीत कागद पूर्ण वाचणारा माणूस मी एकोणीस वर्षांत पाहिलेला नाही. दाल में काला है, किंवा अख्खी डाळच काळी आहे.

४ मार्च, मंगळवार
बांधकाम विभागाचे सदस्य तणतणत आले. जानेवारीच्या इतिवृत्तात ते गैरहजर लागलेत. म्हणाले, अहो, मी तुमच्या शेजारी बसलो होतो, तुमची दोन बिस्किटं खाल्ली. मी शांतपणे नियम सांगितला. इतिवृत्त कायम होण्याआधी हरकत घ्यायची. एकदा कायम झालं की तुम्ही गैरहजर. बिस्किटं कोणी खाल्ली ते कार्यालयाला माहीत नाही.

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, एवढी चूक दुरुस्त करायला काय हरकत होती, सर? नोंद घेतली. बाई बाहेरच्यांची बाजू घेतात.

संध्याकाळी जानेवारीचा गठ्ठा बांधला. गठ्ठे मी कोणाला बांधू देत नाही. माझी दुहेरी गाठ असते, दुसऱ्या कोणाला जमत नाही. पुढच्या पिढ्यांसाठी हे सगळं जपून ठेवायचं असतं.

६ मार्च, गुरुवार
झेरॉक्स मशीनपाशी बाई आणि अध्यक्षांचा पीए. मला बघताच गप्प. कानावर एवढंच आलं : कक्ष अकराचं लवकर काय ते करा हो.

कक्ष अकरा म्हणजे आमचाच! म्हणजे माझ्या खुर्चीवर डोळा आहे. अध्यक्षांपर्यंत वशिला पोचला आहे. घाम आला. खिडकी उघडली. तिची कडी महिनाभर मोडलेली आहे, बंद कधी होतच नाही, पण पूर्ण उघडली.

संकल्प : सापळा लावायचा.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ३
सापळा तयार. इतिवृत्तात सहाच मुद्दे होते. मी सातवा घातला :

‘समिती कक्षाची (कक्ष क्र. ११) आवश्यकता उरली नसल्याने तो दिनांक ३१ मार्चपासून बंद करण्यात यावा व कक्ष अधिकाऱ्यास अभिलेख कक्षात नेमण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले.’

तीन वेळा मोठ्याने वाचलं. तोल उत्तम. ‘सर्वानुमते’वर जरा आवाज चढतो, ते छान वाटतं. असा मुद्दा बैठकीत झालाच नाही; तो मसुद्यात आहे, हे फक्त मला आणि बाईंना माहीत असणार. आता ही बातमी बाहेर फुटली की फितूर कोण ते उघड.

४.३०
मसुदा बाईंकडे दिला. पाच मिनिटांत परत. सर, मुद्दा सात बैठकीत झालाच नव्हता. चेहरा अगदी निष्पाप. मी म्हणालो, राहू द्या. त्या म्हणाल्या, पण सर, यात तुम्हालाच हलवताहेत. मी आवाज चढवून म्हणालो, बाई, राहू द्या म्हटलं ना! मुकाट गेल्या. किती तयारीच्या आहेत!

१० मार्च, सोमवार
सापडल्या! कँटीनवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, साहेब, तुमचा कक्ष जाणार म्हणे. वाईट वाटलं.

पुरावा हातात आला. पण घाई करायची नाही. २१ तारखेच्या बैठकीत, इतिवृत्त कायम करण्याच्या वेळी, सर्वांसमोर उभा राहून बुरखा फाडीन. तोपर्यंत इतिवृत्त आहे तसंच सदस्यांना पाठवतो, म्हणजे स्फोट मोठा होईल. कक्षाला माझ्याशिवाय धक्का लागणं शक्य नाही.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तिने चूक दाखवली तर आभार मानायचे, सापळे कसले लावता, ती काय उंदीर आहे? ही बाईंची बाजू का घेते? दोघी एकाच वाचनालयात जातात, हे आत्ता लक्षात आलं. रोजनिशी कपाटात वरच्या खणात हलवली.

१७ मार्च, सोमवार
हरकतींची मुदत संपली. अकरा सदस्य, एकही हरकत नाही. एकाने तरी विचारायला हवं होतं, की सातवा मुद्दा कधी झाला? म्हणजे सगळे सामील आहेत. एवढा मोठा कट असेल असं वाटलं नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ९
भाषण तयार. दोन पानं. शेवटी ‘सत्य’ हा शब्द तीनदा येतो. इस्त्रीचा शर्ट.

दुपारी १.२०
अध्यक्ष बसता बसता म्हणाले, मागचं इतिवृत्त वाचलं असं समजू या ना? सगळे म्हणाले, हो हो. कायम. विषय दोन.

चार सेकंद. मी तेव्हा बाईंचा रंग कसा उडतो ते पाहत होतो. उडाला होता खरा. त्या मला डोळ्यांनी खुणावत होत्या, उठा, उठा म्हणून. मला तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला. भानावर आलो तेव्हा विषय तीन चालू होता, पाण्याच्या टाकीचा.

बैठकीनंतर अध्यक्षांना गाठलं. बोलू लागण्याआधीच त्यांनी पाठ थोपटली. पीएने सातवा मुद्दा आत्ताच दाखवला म्हणे. स्वतःचाच कक्ष बंद करणारा निःस्पृह अधिकारी त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

२४ मार्च, सोमवार
अर्ज केला. ठराव रद्द करायचा तर समितीची बैठक हवी. बैठकीला नोटीस हवी. नोटीस पंधरा दिवस आधी आणि फक्त कक्ष अकरातून निघते. कक्ष अकरा येत्या सोमवारी, ३१ला बंद. हा नियम मीच लिहिलेला आहे, आणि चांगला लिहिलेला आहे.

बांधकामवाल्यांना साक्षीला बोलावलं. तुम्ही तर होतात त्या बैठकीत, सांगा ना. ते म्हणाले, मी हजर असेन-नसेन, तुमच्या रजिस्टरला विचारा. आणि माझ्याच पुड्यातलं बिस्किट उचललं.

शेवटी कँटीनवाल्याला दरडावलं : तुला कोणी सांगितलं होतं, खरं बोल. तो घाबरलाच. म्हणाला, तुम्हीच की साहेब. तुमची खिडकी माझ्या शेगडीवर उघडते. कडी मोडल्यापासून मला पेपर घ्यावा लागत नाही. त्या मॅडम बिचाऱ्या पीएच्या मागे लागल्या होत्या, कक्ष अकराची कडी बसवा म्हणून.

वर आलो. बाईंनी उठून खिडकी लोटली. ती आपोआप पुन्हा उघडली.

१ एप्रिल, मंगळवार
अभिलेख कक्ष. तळघर. खिडकी नाही. बाई अध्यक्षांच्या कार्यालयात गेल्या, चौथा मजला. जाताना म्हणाल्या, सर, फेब्रुवारीचा गठ्ठा नीट बांधून ठेवलाय, सवडीने बघा. यात काय हेतू असावा?

दुपारी माझे गठ्ठे पाहिले. एकोणीस वर्षांचे, भिंतभर. प्रत्येकावर माझी दुहेरी गाठ. एकही कोणी सोडलेली नाही. एकदाही. मी हात लावून पाहिलं, प्रत्येकीला. वाईट वाटलं, फार.

फक्त शेवटच्या गठ्ठ्याची गाठ साधी होती. आत इतिवृत्तावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी : ‘मुद्दा ७ बैठकीत झालेला नाही. सरांना दोनदा सांगितले. राहू द्या म्हणाले.’

खाली सही आणि तारीख. ७ मार्च. तारीख बरोबर आहे.